बिघडलेली सायकल कोण उचलणार?

अकोल्याहून खामगावच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर येतं. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा अठराव्या शतकातला किल्ला, नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, नक्शबंदी खानकाह, जुन्या पेठा. बाळापूरचं नाव निघालं की लोक हा इतिहास सांगतात. मला गावाचा आजचा एक साधा प्रश्न मांडायचा आहे. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आतबाहेर वस्ती असलेलं हे तालुक्याचं गाव. शाळा, कॉलेज, तहसील, दवाखाना, बाजार सगळं इथे, आणि त्यासाठी येणारी माणसं आजूबाजूच्या खेड्यांतली. त्यांतली कितीतरी पोरं-पोरी सायकलीवर येतात. सायकल चालती असली तर प्रश्न नाही. बिघडली की ती मिस्त्रीपर्यंत न्यायची कशी, इथे सगळं अडतं. घरून सायकल न्यायची, दुरुस्त करायची, परत आणून द्यायची, असा धंदा इथे चालेल का?

मोठ्या शहरांत गिअरच्या महागड्या सायकलींसाठी अशी सोय आहे. बाळापुरात तोच धंदा जसाच्या तसा उचलून आणता येणार नाही, हे उघड आहे. पण म्हणून गरजच नाही असं म्हणणंही घाईचं होईल. गरज कोणाला आहे, केवढी आहे आणि तिच्यासाठी पैसे कोण मोजेल, हे शोधायचे दोन रस्ते आहेत, एक विचारून पाहण्याचा आणि एक करून पाहण्याचा, आणि दोन्ही रस्त्यांनी जाणारी माणसं वऱ्हाडात एकाच घरात सापडतात. म्हणून हा संवाद. त्यातले मामा आणि भाची मी योजलेले आहेत. त्यांच्या बोलण्यातला मुलूख, हंगाम आणि सरकारी योजना खऱ्या आहेत. मामा बाजारातले जुने सायकल मिस्त्री. भाची अकोल्याला बी.कॉम. करून आलेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, आणि तिच्या हातात प्रश्नावलीचा कागद आहे.

मामा: वाचून दाखव बरं काय लिवलं त.

भाची: 'तुमची बिघडलेली सायकल घरून नेऊन, दुरुस्त करून परत आणून दिली, तर तुम्ही ही सेवा घ्याल का? हो, नाही, सांगता येत नाही.' शंभर घरं फिरायची ठरवलीत.

मामा: नको फिरू. मी इथीच बसून सांगतो, सारे 'हो' म्हनतीन.

भाची: हे तुम्ही आधीच कसं ठरवलं?

मामा: उनातान्हात पोरगी दारात आली, हातात कागद हाय. तिले 'नाई' कोन म्हनीन? पानी देतीन, चहा मांडतीन, अन् जाता जाता तुह्या कागदावर 'हो' लिवून देतीन. 'हो' म्हनाले पैसे लागतात का?

भाची: मग लोकांना विचारायचंच नाही?

मामा: इचार ना. पन पुढं काय करसान ते नको इचारू. पुढचं कोनाले माईत हाय? मांगं काय केलं ते इचार. मांगच्या टायमाले सायकल बिघडली तवा कोनं नेली, कितीक दिवस पडून होती, पोरगी शाळेत कशी गेली.

मामांनी हे कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. धंदा सुरू करणाऱ्यांसाठी रॉब फिट्झपॅट्रिक या उद्योजकानं २०१३ मध्ये लिहिलेल्या 'द मॉम टेस्ट' या पुस्तकाचा गाभा मात्र नेमका हाच आहे. आईला विचारलं तर आईसुद्धा कौतुकच करणार. म्हणून बेत सांगून मत मागू नका, समोरच्यानं आजवर काय केलं ते काढून घ्या. आपल्याकडे तर दारी आलेल्याला नाराज करायचं नाही हा संस्कारच आहे. त्या संस्काराचा आकडा करून कोणी कर्ज काढलं, तर ते कर्ज फिटणार नाही.

भाची: ठीक आहे, प्रश्न बदलते. पण मग घरं तरी फिरावीच लागतील.

मामा: घरं कायले? वही हाय ना माही.

ही उधारीची वही पाहण्यासारखी असते. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडांना ग्रीसचे अंगठे उमटलेले. त्यात आडनावं फारशी नसतात. 'पारसवाला, पंचर दोन.' 'मास्तरची लहानी, छर्रे, ग्रीस.' 'वाडेगाव लिंबूवाला, मागचा टायर, अर्धे आले.' पानं उलटत गेलं की वऱ्हाडाचं वर्ष उलगडतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो तेव्हा पानं जवळजवळ कोरी. विदर्भातल्या शाळा उन्हापायी जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि तिथून पुढे ओळीला ओळ लागून नोंदी. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. लोक काडीनं माती काढून थकतात आणि शेवटी मडगार्डच उतरवून ठेवा म्हणतात. पाऊस ओसरला की सराटे. जमिनीलगत पसरणाऱ्या त्या वेलीची फळं वाळली की कशीही पडोत, एक काटा वर असतोच. एकाच ट्यूबला चार-चार ठिगळं पडतात ती याच दिवसांत.

मामा: पाहिलं? कवा काय बिघडते, कोन कवा येते, सारं यात हाय. अजून कोनता सर्व्हे पाहिजे तुले?

भाची: मामा, या वहीत कोण आहे? जे तुमच्यापर्यंत आले ते. मला न आलेले पाहिजेत.

मामा: जे आले नाईत, त्यायची सायकल धड असंन.

भाची: नाहीतर गोठ्यात पडली असेल. आत्याच्या गावी मी पाहिली. सरकारी योजनेतली, समोर जाळीची टोपली असलेली लेडीज सायकल. सीटवर कडब्याच्या पेंढ्या, दोन्ही चाकं बसलेली. आत्या म्हणाली, पंक्चर आहे, कोण नेईल आठ किलोमीटर? पोरीचे बाबा म्हणाले, नेऊ सवडीनं. उन्हाळ्यापासून सवड झालेली नाही.

मामा: दोन्ही चाकं बसली म्हनतं?

भाची: हो, दोन्ही.

मामा: उन्हाळाभर उभी होती?

भाची: हो.

मामा: मंग पंचर नसंन तिले. वालट्यूब वाळली असंन.

साध्या देशी सायकलीच्या वॉल्व्हवर बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, काडीएवढी बारीक रबरी नळी चढवलेली असते. पंपानं हवा मारली की तिच्या कडेनं आत जाते आणि आतली हवा हीच नळी अडवून धरते. वऱ्हाडच्या उन्हात ती वाळते, तडकते. मग संध्याकाळी भरलेली हवा सकाळपर्यंत उतरते, आणि घरातले म्हणतात पंक्चर झालं. नवी नळी थुंकी लावून चढवायला दोन मिनिटं आणि विकत घ्यायला किरकोळ पैसे लागतात. चाकातली हवा गेली एवढंच घरच्यांना दिसतं. दुरुस्ती पाच रुपयांची आहे की पाचशेची, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. सायकल गोठ्यात जाऊन पडते ती पुष्कळदा या न कळण्यापायी, असं माझं मत झालं आहे. पाहणीत 'काय बिघडलं' हे लोकांना विचारून चालणार नाही. सायकल स्वतः हात लावून पाहावी लागेल, आणि त्यासाठी पाहणी करणाऱ्याबरोबर मिस्त्री पाहिजे. भाचीच्या कागदाला मामांचे हात लागतात ते इथे.

भाची: म्हणजे त्या पोरीची शाळेत जायची सोय वालट्यूबपायी बंद झाली?

मामा: शाळा बंद नाई झाली. पोरगी एसटीनं जात असंन. अहिल्याबाई होळकर योजनेत पोरीले बारावीपर्यंत पास फुकट हाय. फुकटच्या संगं तू कशी भांडशीन? तुह्या धंद्याचा दुश्मन दुसरा मिस्त्री नाई, एसटी हाय.

भाची: पास फुकट आहे, पण बस आपल्या वेळेला येते का? शाळा पाचला सुटली आणि बस साडेसहाला असली, तर दीड तास स्टँडवर. जादा तास असला की गेलीच बस. आणि २०२१ च्या दिवाळीनंतर संप झाला तेव्हा कित्येक महिने बसच नव्हती.

मामा: तवा माह्याकडं रांग होती.

भाची: तेच म्हणते मी. सायकल असली तर मुलगी स्वतःच्या वेळेची मालकीण असते.

भाचीचा हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याला आधारही आहे. बिहारमध्ये २००६ साली नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. ही वाढ बहुतेक करून शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत झाली होती. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झालं. ते पैसे सायकल घेण्याचे. पुढे टायर गेला, चेन तुटली, वालट्यूब वाळली तर घरच्यांनी पाहायचं. सरकारनं पाच हजार घातलेली वस्तू पाच रुपयांसाठी थांबून राहते, हे मला बोचतं. म्हणून बाजारपेठेची ही पाहणी मला धंद्यापलीकडची वाटते.

मामा: बरं, पोरीयले सायकल पाहिजे, मानलं. आता हिशोब कर. लिही कागदावर. पंचरचे तीस रुपये धर. गाव दहा किलोमीटरवर धर. पेट्रोल शंभराच्या वर हाय, गाडी लिटरमांगं पन्नास देते. किलोमीटरले किती झाले?

भाची: दोन रुपयांच्या वर.

मामा: दोनच धर. आनाले गेली, आली, वीस किलोमीटर. परत द्याले गेली, आली, अजून वीस. चाळीस दुने ऐंशी. तीस रुपयाच्या पंचरसाठी ऐंशीचं पेट्रोल. अन् मोटारसायकलवर सायकल लादता येत नाई, अॅपे करावा लागते. ते भाडं अजून जोडलंच नाई.

भाची: मग जाऊन-येऊन एकदाच जायचं. सायकल आणायचीच नाही, पिशवीत पाने, सोल्यूशन, पंप घेऊन मिस्त्रीनंच जायचं.

मामा: तरी चाळीस रुपये. अन् मी तिकडं गेलो त दुकानात कोन बसन?

भाची: एका सायकलीसाठी जायचं नाही. दहा सायकली असतील तिथे जायचं. चाळीस रुपये दहा जणींत वाटले की माणशी चार रुपये.

मामा: एका गावात एकाच दिवशी दहा सायकली बिघडत नाईत, बाई.

भाची: एका शाळेत असतात. अकरा ते पाच सायकली स्टँडवर उभ्याच असतात, आणि त्यातल्या कितींना ब्रेक नसतो, किती जणी पेडलच्या नुसत्या दांडीवर पाय देऊन येतात, ते उभ्या उभ्या मोजता येईल. पोरगी वर्गात, सायकल तुमच्या हातात. सुटायच्या आत तयार. नेणं-आणणं तिचं तीच करते.

इथे मामा थोडा वेळ गप्प राहतात, पण पटलं म्हणून नव्हे. भाचीनं धंद्याचं रूपच बदलून टाकलं आहे. 'घरून नेऊ' असं म्हणत ती निघाली होती, आणि हिशोबानं तिला घराऐवजी शाळेच्या स्टँडवर आणून सोडलं. चांगल्या पाहणीत असं होतं. आपण जे विकायला निघालो ते विकलं जाईल का, एवढंच पाहणारा माणूस 'नाही' ऐकून परततो. अडचण कुठे उभी असते आणि किती वाजता, हे पाहणाऱ्याच्या हाती काही तरी लागतं. मात्र शाळा म्हटली की नवे प्रश्न येतात, आणि ते मामांना आधी दिसतात.

मामा: पोरीयच्या शाळेत परका मानूस दिवसभर स्टँडवर बसन, हेडमास्तर काऊन परवानगी देईन?

भाची: मी बरोबर असेन. आणि मला शिकवा ना, पंक्चर मीच काढीन.

मामा: ते शिकवतो मी. पन उद्या ब्रेक लागला नाई अन् हायवेवर काई झालं, त बोल कोनावर येईन? शाळेवर येईन. म्हनून शाळा भेईन.

भाची: म्हणजे हेडमास्तरांना विचारायचा प्रश्न वेगळा झाला. 'सेवा पाहिजे का' असा नाही, तर 'तुम्हाला कशाची भीती वाटते' असा.

मामा: अन् पोरीजवळ पैसे नसतात. पैसे बापाजवळ. बाप वावरात. सायकल चालवते एक, पैसे देते दुसरा, परवानगी देते तिसरा. तू एकच कागद घेऊन तिघायकडं जाशीन?

या एका वाक्यासाठी मी मामांना दाद देतो. मालाचा वापर करणारा आणि पैसे देणारा वेगळा असला की पाहणी फसते, हे मोठ्या कंपन्यांच्याही अनुभवाचं आहे. मुलीला विचाराल तर ती ब्रेकचं सांगेल, उतारावर पाय घासत यावं लागतं ते सांगेल. बापाला विचाराल तर तो म्हणेल, चालते ना सायकल? त्याच्या लेखी सायकल चालते आहे, कारण ती रोज जाते आणि येते. दोघंही खरं बोलताहेत. आणि बाळापुरात एवढ्यानं भागणार नाही. इथे उर्दू शाळा आहेत, घरांत उर्दू बोलली जाते, तेव्हा मराठी कागद घेऊन फिरणाऱ्याला अर्ध्या पेठा मुक्याच राहतील.

मामा: अजून एक सांगतो. तू गेली त लोकं खरं नाई सांगनार. तू माही भाची हायस हे साऱ्यायले माईत हाय. तुह्या तोंडावर माह्या कामाची खोडी कोन काढन?

भाची: त्यावर उपाय आहे. आम्हाला कॉलेजात होतं. प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी करायचे, तेव्हा एकाच भागात माणसांच्या दोन वेगळ्या तुकड्या पाठवायचे. दोघांचे आकडे जुळले तर विश्वास ठेवायचा, नाही जुळले तर कोणाच्या तरी कामात खोट आहे असं समजायचं. मी अर्धी घरं करीन, अकोल्याची मैत्रीण अर्धी करील. तिला इथे कोणी ओळखत नाही.

मामा: अन् तिले सांगजो, मिस्त्री कसा हाय तेबी इचार म्हना. मले आयकाचं हाय.

मामांचा पाहणीवर विश्वास बसला, असा याचा अर्थ काढू नये. त्यांचा मूळ हट्ट कायम आहे: विचारून धंदा कळत नाही, करून कळतो. भाचीनं पुढे जे उदाहरण दिलं ते खरं तर स्वतःच्या बाजूनं दिलं होतं.

भाची: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात सायकलीपासूनच केली होती, माहीत आहे? १८८८ मध्ये बेळगावला त्यांचं सायकलीचं दुकान होतं. सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी घेईनात. लोखंडानं जमिनीला विष बाधतं म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

मामा: पाह्य! आधी इचारत बसले असते त नांगर झालाच नसता. सारे 'नाई' म्हनले असते.

भाची: उलट आहे, मामा. नांगर वाईट म्हणून खपत नव्हता की महाग म्हणून, हे कळलं नसतं तर त्यांनी किंमत उतरवली असती आणि धंदा बुडाला असता. अडचण भीतीची होती. शेतात चालवून दाखवला की जाणारी.

मामा: चालवून दाखवला म्हनतं ना? म्हनजे केलंच. इचारलं नाई, केलं.

या वादाचा निकाल मी देणार नाही, कारण दोघांच्याही हातात त्या गोष्टीचं एक-एक टोक आहे. मला त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. सायकल लोकांना नवखी होती, म्हणून विकणाऱ्यानं शिकवणंही दुकानात ठेवलं. गोठ्यातल्या त्या सायकलीचा प्रश्न आज तसाच आहे. वालट्यूब बदलायला जर मुलीला शिकवलं, तर मिस्त्रीची एक फेरी कमी होईल. पण सायकल रस्त्यावर राहील, आणि रस्त्यावरच्या सायकलीलाच पुढे टायर लागतो, चेन लागते, बेअरिंगचे छर्रे लागतात. गोठ्यातली सायकल कोणाचंच गिऱ्हाईक नाही. हे मी बोलून दाखवलं असतं तर मामा बहुधा म्हणाले असते की शिकवलेली पोरगी बापाचीही सायकल दुरुस्त करील आणि मग मी काय करू. त्या भीतीलाही पाहणीत जागा हवी. मिस्त्रीचं पोट या व्यवहारातच आहे.

मामा: बरं, पैशाचं बोल. किती घेशीन?

भाची: सत्राचे शंभर रुपये. दिवाळीपर्यंत दोनदा तपासणी, तेलपाणी, पंक्चर मोफत. टायर-ट्यूबचे पैसे वेगळे. आणि पाहणीत विचारायचं नाही, पैसेच घ्यायचे. आगाऊ. ज्यानं शंभर दिले त्याचा 'हो' खरा.

मामा: हे मले पटलं. पैसा देते तोच खरा बोलते. पन कवा घेशीन?

भाची: शाळा सुरू झाली की. जूनच्या शेवटी.

मामा: जूनमंधी? पोरी, तुह्या बापाजवळ तरी असतात का जूनमंधी पैसे?

सगळ्या बोलण्यातला सर्वांत जड मुद्दा हा आहे, आणि तो कोणत्याही छापील प्रश्नावलीत मला कधी दिसलेला नाही. मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडातल्या घरातला शेवटचा रुपया बियाण्यात आणि खतात जातो. कपाशी, सोयाबीन, तूर पेरून झाली की पुढचे तीन-चार महिने घरात नुसता खर्च. सोयाबीन निघून दिवाळीच्या सुमारास पहिला पैसा दिसतो, आणि कापूस वेचून बाजारात गेला की हात जरा मोकळा होतो. सायकलीचा गरजेचा काळ आणि घरातला पैशाचा काळ असे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. जूनच्या शेवटी शंभर रुपये आगाऊ मागितले आणि दहातल्या नऊ घरांनी नाही म्हटलं, तर भाचीचा कागद सांगेल की मागणी नाही. मागणी असेल, खिशात पैसे नसतील. 'किती द्याल' याच्या जोडीला 'कधी द्याल' हे विचारलंच पाहिजे, आणि मजुरीवर जगणाऱ्या घराचं उत्तर शेतकऱ्याच्या घरापेक्षा वेगळं येईल हेही धरून चालायला हवं. मजुराला निंदणीच्या दिवसांत आठवड्याचा पैसा मिळतो. त्याला बाजाराच्या दिवशी दहा-दहा रुपये जमतील, एकदम शंभर जमणार नाहीत.

भाची: मग काय करायचं? दिवाळीनंतर घ्यायचे?

मामा: उधारी. जूनमंधी काम, दिवाळीले पैसे. असंच चालते इथी.

भाची: पण उधारीवर सगळेच तयार होतील. मग खरा 'हो' कोणता आणि भिडेचा कोणता, हे मला कळणार कसं? मघाशी तुम्हीच म्हणालात ना, 'हो' म्हणायला पैसे लागत नाहीत.

मामा: उधारी बुडवनारा अन् देनारा मले माईत हाय.

भाची: तुम्हाला माहीत आहे. माझ्या मैत्रिणीला नाही, बँकेला नाही. उद्या हेच वाडेगावात करायचं म्हटलं तर तिथली वही कुठून आणू?

मामांजवळ याला उत्तर नाही, आणि भाचीजवळ जूनच्या पैशाला उत्तर नाही. माझा कल सांगायचा तर मी पहिल्या वर्षी भाचीचं ऐकेन, पण शंभराऐवजी दहा रुपये आगाऊ घेईन. दहा रुपये जूनमध्येही निघतात, आणि ते काढताना माणूस एकदा विचार करतो. बाकीचे नव्वद दिवाळीनंतर. कोणत्या घरानं कधी आणि किती वेळा मागितल्यावर दिले, याची नोंद ठेवली की दुसऱ्या वर्षी भाचीच्या हातात मामांच्या वहीसारखीच एक वही असेल. त्यात तारखा असतील, सायकलीचं काय बिघडलं होतं ते असेल, आणि न आलेल्यांचीही एक यादी असेल. कोणी दहा रुपये दिले नाहीत, तर त्या घरी जाऊन गोठ्यात पाहून यायचं काम तेवढं राहतं.

भाची: दहा रुपये चालतील. शाळा उघडली की जाऊन विचारते.

मामा: शाळा उघडली की लगेच नको जाऊ. पहिल्या आठवड्यात पोरं येतच नाईत, पेरनीत असतात. दुसऱ्या आठवड्यात जाजो.

भाची: आणि पिशवीत काय काय घेऊ?

मामा: पाने देतो मी. पंप घे, सोल्यूशन घे, ब्रेकचे रबर घे. अन् वालट्यूब मीटरवर घेजो, जास्तीची.